गुडघ्या-खुब्याच्या संधिवातासाठी ताई ची: ‘ताई ची फॉर आर्थ्रायटिस’ कार्यक्रमाचं परीक्षण

ताई ची हा सावकाश, ओघवत्या हालचालींचा चिनी व्यायामप्रकार. संधिवाताच्या लोकांसाठी म्हणून त्याचे जे कार्यक्रम मिळतात, त्यांत डॉ. पॉल लॅम यांचा ‘ताई ची फॉर आर्थ्रायटिस’ बराच पसरलेला आहे. लॅम हे सिडनीतले फॅमिली डॉक्टर. त्यांना स्वतःला तरुण वयापासून सांध्यांच्या झिजेचा त्रास होता. ताई चीचे जाणकार आणि वैद्यकीय तज्ज्ञ यांना सोबत घेऊन त्यांनी १९९७ मध्ये हा कार्यक्रम बसवला. पुढे त्याच्या नावात पडण्यापासून बचावाचीही भर पडली. तो वर्गात शिकवला जातो, व्हिडिओवर शिकता येतो आणि खुर्चीत बसून करण्याची त्याची वेगळी आवृत्तीही आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. गुडघ्याची किंवा खुब्याची झीज आहे, चालता येतं पण जिना नकोसा वाटतो, अशा माणसाने हा कार्यक्रम जरूर घ्यावा. फक्त एक लक्षात ठेवावं, की यातला खरा माल पावलांत आहे. हात कुठून कुठे जातात हे पाठ करायला सगळे धडपडतात, शिकवणारेही तेवढ्यावर समाधान मानतात, आणि ज्या गोष्टीमुळे गुडघा वाचतो तीच घाईत उरकली जाते.

लॅम यांनी यासाठी ताई चीच्या वेगवेगळ्या शैलींपैकी सन शैली निवडली, आणि ही निवड अगदी योग्य आहे. ही शैली घडवणारे सन लुतांग (१८६०–१९३३) हे शिंगयी आणि बाग्वा या दोन युद्धकलांत मुरलेले होते. ताई ची ते त्यानंतर शिकले आणि आधीच्या कलांतली चपळ पावलं त्यांनी तिच्यात आणली. चेन शैलीत खाली बसकी ठाण मांडून उभं राहावं लागतं, मध्येच उसळी आणि पाय आपटणंही येतं. यांग शैली दिसायला शांत, पण तिचं पाऊल लांब पडतं आणि पुढचा गुडघा बराच वेळ वाकलेल्या स्थितीत वजन पेलतो. सन शैलीत माणूस जवळजवळ सरळ उभा असतो. एक पाय पुढे गेला की दुसरा मागोमाग जवळ येतो, मागे गेला की पुढचा मागे येतो. त्यामुळे दोन पायांत फार अंतर पडतच नाही. गुडघा जितका जास्त वाकवून वजन द्यावं तितका वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधला दाब वाढतो. जिना उतरताना कळ येते ती याच कारणाने. सन शैलीत हा दाब मुळातच कमी राहतो.

दुसरा फायदा हातांचा. यांग शैलीत ‘एकेरी चाबूक’ या हालचालीत एका हाताची बोटं एकत्र करून मनगट खाली वाकवून आकडा करतात. मनगट किंवा अंगठ्याचा सांधा दुखरा असेल तर ते नको होतं. सन शैलीत त्याच नावाच्या हालचालीत दोन्ही तळवे उघडे, बाहेरच्या बाजूला. एवढ्याशा फरकाने बोटांचा संधिवात असलेल्यांची मोठी अडचण सुटते.

कार्यक्रमाची रचना साधी आहे. आधी अंग मोकळं करणं: मान, खांदे, पाठीचा कणा, खुबे, गुडघे, घोटे, प्रत्येकासाठी दोन-दोन व्यायाम. मग सहा मूलभूत हालचाली, त्या जमल्या की पुढच्या सहा. मूलभूत भागात सुरुवात, हात उघडणं-मिटणं, एकेरी चाबूक, ढगांत हात फिरवणं, पुन्हा उघडणं-मिटणं आणि समारोप. पुढच्या भागात गुडघ्यावरून हात झाडणं, वीणा धरल्यासारखे हात, अडवून ठोसा, डोंगर ढकलणं वगैरे. त्यानंतर हेच सगळं दुसऱ्या बाजूने. ही दुसरी बाजू कोणी गाळू नये. दुखऱ्या पायाला आराम म्हणून लोक एकाच बाजूने करत राहतात, आणि आधीच एका पायावर जास्त भार टाकण्याची जी सवय लागलेली असते ती आणखी पक्की होते.

आता पाऊल. सगळ्या कार्यक्रमातून एकच गोष्ट नीट शिकायची असेल तर हीच शिकावी, म्हणून जरा सावकाश पाहू.

दोन्ही पाय खुब्यांच्या रुंदीइतके अंतर ठेवून उभे राहा. गुडघे सैल, म्हणजे ताठ मागे ढकललेले नाहीत आणि ठळक वाकलेलेही नाहीत. आता सगळं वजन उजव्या पायावर न्या. डावा पाय हलका झाला की तो उचलून लहान पाऊल पुढे टाका, आधी टाच. टाच टेकली तरी तिच्यावर अजून काहीच वजन नाही. खात्री करायची असेल तर तिथेच थांबा आणि तोच पाय पुन्हा उचलून पाहा. धड जरासुद्धा न हलता पाय उचलता आला तर पाऊल बरोबर. पाय उचलायला आधी अंग मागे झुकवावं लागलं, तर तुम्ही पुढे पडत होता आणि पायाने फक्त पडणं थांबवलं. बहुतेक नवशिके असंच चालतात, आणि दर पावलाला सांध्याला जो हादरा बसतो तो यातूनच. बरोबर जमलं की मग पंजा टेकवा आणि वजन हळूहळू पुढे सरकवा. सरकवताना डाव्या गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला राहिली पाहिजे. सगळं वजन पुढे पोचल्यावर उजवा पाय मागोमाग आणून फक्त चवडा टेकवा, टाच वर. हा चवडा पुढच्या पायाच्या अगदी मागे, एकाच रेषेत आला तर तोल जातो. बाजूला थोडी जागा ठेवा.

इथे चुका ठरलेल्या होतात. पहिली, वजन घेताना गुडघा आतल्या बाजूला कलतो. याचं मूळ बहुधा गुडघ्यात नसतं. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की मांडी आत वळते आणि गुडघा तिच्यामागे जातो. आरशासमोर दहा पावलं टाकली की लगेच दिसतं. पाऊल आणखी लहान केलं तर बऱ्याच जणांचं सुधारतं. नाही सुधारलं तर कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा व्यायाम वेगळा करावा लागतो, निव्वळ ताई चीने ते भागत नाही.

दुसरी चूक जास्त त्रासदायक: वजन असलेला पाय जमिनीवर घासत वळवणं. दिशा बदलताना धड फिरतं, पाऊल बुटाच्या पकडीमुळे जागीच राहतं, आणि पीळ बसतो तो मधल्या गुडघ्याला. गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला इजा झालेली असेल तर एवढ्याने गुडघा सुजू शकतो. वळायचं ते वजन काढून. वजन दुसऱ्या पायावर न्या, रिकाम्या पायाचा चवडा उचला, टाचेवर हवा तेवढा वळवा, टेकवा, मग वजन द्या. याच कारणासाठी पळायचे जाड, खाचांचे बूट इथे नकोत. सपाट, पातळ तळाचे, टाच उंच नसलेले आणि पायावर घट्ट बसणारे बूट हवेत. जाड गालिच्यावरही करू नका, पाय रुततो.

तिसरी म्हणजे खाली पाहणं. पाय दिसावेत म्हणून मान वाकते, मागोमाग पाठ वाकते, कंबर मागे जाते, आणि सगळा भार मांडीच्या पुढच्या बाजूवर येतो. नजर समोर ठेवून पाऊल तळव्याला जाणवेपर्यंत वेग कमी करायचा, यापलीकडे त्याला उपाय नाही.

‘ढगांत हात फिरवणं’ ही हालचाल लोकांना सगळ्यात आवडते आणि गुडघे दुखण्याची तक्रारही तिच्यानंतरच जास्त येते. यात बाजूला पावलं टाकत धड डावी-उजवीकडे फिरतं आणि हात एकामागून एक चेहऱ्यासमोरून जातात. हात सुंदर फिरावेत म्हणून माणूस कंबर जोरात वळवतो. खुबा आखडलेला असेल तर तो तेवढा वळत नाही आणि उरलेलं वळण गुडघ्यातून काढलं जातं. म्हणून वळण खुब्याला झेपेल तितकंच. पाय जमिनीवर असताना दोन्ही गुडघे पंजाच्या दिशेला राहतात तिथपर्यंत फिरा, ते हलायला लागले की थांबा. बाजूचं पाऊल खांद्याच्या निम्म्या रुंदीइतकं पुरतं. खांदा दुखत असेल तर हात चेहऱ्याऐवजी छातीच्या पातळीवरून न्यावेत, हालचालीचं काही बिघडत नाही.

हात उघडणं-मिटणं हा सन शैलीचा खास भाग, आणि याबाबत कार्यक्रमाचं कौतुक करावंच लागेल. तळवे समोरासमोर, छातीच्या उंचीवर. श्वास घेताना हात खांद्यांच्या रुंदीपर्यंत उघडायचे, सोडताना चेहऱ्याच्या रुंदीइतके जवळ आणायचे. एवढंच. पण एका भागातून दुसऱ्या भागात जाताना हे मुद्दाम येतं, त्यामुळे दम थाऱ्यावर येतो, वर चढलेले खांदे खाली येतात आणि पुढच्या पावलाआधी क्षणभर दोन्ही पायांवर उभं राहायला मिळतं. कोपर बाजूला उचलू नयेत, खाली लोंबलेले असू द्यावेत. बोटं ताणून सरळ करायची गरज नाही. श्वास मोजून लांबवण्याच्या भानगडीत सुरुवातीला पडू नये. श्वास रोखला जात असेल तर तो मुद्दा सोडून द्या आणि नेहमीसारखा घ्या.

शिकवण्याची पद्धत लॅम यांनी तीन पायऱ्यांत बांधली आहे: आधी नुसतं पाहा, मग सोबत करा, मग करून दाखवा. एका वेळी हालचालीचा एक तुकडा. वयस्कर माणसाला एकाच वेळी हात, पाय, श्वास आणि दिशा सांभाळणं जड जातं, त्यांना ही पद्धत चांगली मानवते. तिसरी पायरी मात्र अनेक वर्गांतून गळते. वीस माणसं एकत्र करून घेतली की झालं, असं चालतं. ज्या वर्गात शिक्षक प्रत्येकाचं पाऊल एकदाही वेगळं पाहत नाही, तिथे पुढच्या सहा हालचालींचे पैसे भरू नका.

शिक्षकाबद्दल आणखी एक. या कार्यक्रमाचं प्रशिक्षक-प्रमाणपत्र व्हिडिओवरून आधी तयारी करून साधारण दोन दिवसांच्या कार्यशाळेतून मिळतं आणि ते ठरावीक काळाने नवं करून घ्यावं लागतं. सुरक्षिततेचे नियम समजायला एवढं पुरतं. हात मुरायला पुरत नाही. म्हणून प्रमाणपत्रासोबत दोन प्रश्न विचारा: तुम्ही स्वतः किती वर्षं ताई ची करता, आणि माझा गुडघा सुजलेला असेल त्या दिवशी मला काय करायला सांगाल? दुसऱ्या प्रश्नाला ‘जमेल तेवढं करा’ यापेक्षा नेमकं उत्तर यायला हवं.

ते नेमकं उत्तर असं. सांधा गरम, लाल, टरारलेला असेल तर त्या दिवशी उभ्याने करायचं नाही. बसून हाताच्या हालचाली आणि श्वास, किंवा पूर्ण विश्रांती. एरवी पहिल्या दिवसांत प्रत्येक सांधा त्याच्या नेहमीच्या आवाक्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच न्यायचा आणि हळूहळू वाढवायचं. किती वेळ करायचं हे ठरवायला चालण्याचं माप घ्या: न थांबता, न दुखता जितकी मिनिटं चालता येतं तितकीच मिनिटं सुरुवातीला पुरेत. व्यायामानंतर दोन तासांनीही आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी वेळ किंवा वाकणं कमी करा. मांडी-पोटरीत दुसऱ्या दिवशी आंबल्यासारखं वाटणं वेगळं, ते चालतं. सांध्यात आत कळ येणं चालत नाही. छातीत दुखलं, गरगरलं किंवा धाप लागली तर तिथेच थांबायचं, आणि ते कमी झालं नाही तर तातडीने वैद्यकीय मदत घ्यायची.

काहींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. दीर्घकाळचा आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे झिजेने नव्हे तर सुजेने होणारा संधिवात) असलेल्यांच्या मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात. त्यांनी मान फिरवण्याचे, वाकवण्याचे व्यायाम परस्पर करू नयेत. खुबा बदललेला असेल तर शस्त्रक्रिया कुठल्या बाजूने झाली त्यावर कुठली वळणं वर्ज्य हे ठरतं, विशेषतः पाय आत वळवणं आणि दुसऱ्या पायाच्या पलीकडे नेणं. हाडं ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून पुढे वाकण्याचे प्रकार गाळावेत. चक्कर येणाऱ्यांनी किंवा आधी पडलेल्यांनी जवळ भक्कम पाठीची, न सरकणारी खुर्ची ठेवावी. चाकांची नको.

फायद्याचे दावे कितपत खरे? गुडघा-खुब्याच्या झिजेपुरते बऱ्यापैकी भक्कम आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजी आणि आर्थ्रायटिस फाउंडेशन यांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत या दोन सांध्यांसाठी ताई चीची ठाम शिफारस आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गुडघेदुखीच्या २०४ रुग्णांपैकी काहींना ताई ची, काहींना नेहमीची फिजिओथेरपी दिली. बारा आठवड्यांनी वेदना दोन्हींकडे सारख्याच कमी झाल्या होत्या. ती ताई ची यांग शैलीची होती, हे जाहिरातीत सांगायचं राहून जातं. सन शैलीवरचा २००३ चा कोरियातला अभ्यास लहान होता: ७२ जणींपैकी ४३ शेवटपर्यंत टिकल्या. त्यांतल्या ताई ची करणाऱ्यांचं दुखणं कमी झालं आणि तोल सुधारला. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५२ लोकांवर पाण्यातला व्यायाम आणि ताई ची यांची तुलना झाली. हालचाल दोन्हींनी सुधारली, पण वर्गांना नियमित येण्यात पाण्यातला व्यायाम पुढे राहिला. आमच्या मते ही कार्यक्रमाची खरी कमजोरी आहे. सुरुवातीचे काही आठवडे सावकाश, अडखळत, लक्षात न राहणारे असतात, आणि बरेच जण नेमके तिथेच सोडतात. आमवातात मात्र पुरावा अजून कच्चा आहे. तिथे याकडे सांधे हलते ठेवण्याचा सौम्य व्यायाम म्हणून बघावं, औषधाला पर्याय म्हणून अजिबात नाही.

दुसरी उणीव ताकदीची. उंच उभं राहणं हे गुडघ्याला सोयीचं, पण त्यामुळेच मांडीच्या स्नायूंवर पडणारा भारही बेताचाच. सुरुवातीला अशक्त माणसाची ताकद वाढते, मग थांबते. हातांच्या पकडीसाठी तर यात काहीच नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठण्या-बसण्याच्या दहा-दहाच्या दोन फेऱ्या, झोपून पाय सरळ उचलणं, आणि टाचा वर करणं हे सोबत ठेवावं. कार्यक्रमात हे ठळकपणे सांगितलेलं असतं तर बरं झालं असतं.

व्हिडिओवरून शिकायचं असेल तर शिक्षक पाठमोरा दिसणारं चित्रीकरण वापरा. समोरून पाहून शिकताना डावं-उजवं उलट होतं आणि एकदा उलट बसलेली हालचाल सोडवायला दुप्पट वेळ जातो. एका आठवड्याला एकच हालचाल, रोज दहा-पंधरा मिनिटं. सकाळी उठल्याउठल्या सांधे आखडलेले असतात, तेव्हा नको. अंघोळीनंतर किंवा थोडं हिंडून-फिरून झाल्यावर करा. महिन्यातून एकदा मोबाइल जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर ठेवून समोरून स्वतःचं चित्रीकरण करा आणि फक्त गुडघे पाहा, हात पाहू नका.

खुर्चीतली आवृत्ती कमी प्रतीची समजू नये. दोन्ही गुडघे फार दुखत असतील, शस्त्रक्रियेची वाट पाहत असाल किंवा उभं राहण्याची भीती वाटत असेल तर सुरुवात तिथूनच. हाताच्या कडेची आडकाठी नसलेली खुर्ची, पाठ टेकलेली नाही, पावलं पूर्ण जमिनीवर. यातही वजन एका बाजूच्या बैठकीवरून दुसऱ्या बाजूला सरकवायचं असतं, ते न करता फक्त हात हलवले तर धडाला काहीच मिळत नाही. तोल मात्र बसून सुधारत नाही. त्यासाठी कधीतरी, खुर्चीची पाठ धरून का होईना, उभं राहावंच लागतं.

उपयोग होतोय का हे दुखण्यावरून ठरवू नका, ते हवा, झोप आणि औषधं यांच्यासोबत रोज बदलतं. सुरू करण्याआधी आणि बारा आठवड्यांनी एक मोजणी करा. भिंतीला टेकवलेली, साधारण ४३ सेंटीमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची घ्या, हात छातीवर दुमडा, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते लिहून ठेवा. उठताना हाताचा आधार घ्यावा लागला तर शून्य लिहा आणि पुढच्या वेळी त्याच खुर्चीवर, दिवसाच्या त्याच सुमाराला पुन्हा मोजा. आकडा तिथेच राहिला असेल तर आधी पावलं तपासून घ्या, मग ताकदीचे व्यायाम वाढवा. आणि तो कमी झाला असेल तर वर्ग थांबवून गुडघा डॉक्टरांना दाखवा.